आलेलं पुन्हा विचारायचं नाही

उशिरा शिकणाऱ्या मुलांच्या त्या केंद्रात पत्रक भरायची एक रीत होती. ती कुणी बैठक घेऊन ठरवलेली नव्हती, पण मोडायचंही कुणी नाही. पत्रकावर एकशेवीस ओळी होत्या. मान सावरते का, हाक मारल्यावर वळून बघते का, चिमटीत मनुका उचलते का, पेला धरून पिते का, असं करत करत शेवटची ओळ एका पायावर उड्या मारण्याची. जे आलं त्याच्यापुढे हिरव्या पेन्सिलीने खूण करायची. दर तीन महिन्यांनी नवं पत्रक निघे, जुन्यावरच्या खुणा जशाच्या तशा नव्यावर उतरवल्या जात आणि तपासणी तिथून पुढे सुरू होई. कामावर नवी मुलगी लागली की केंद्र चालवणाऱ्या मॅडम तिला पहिल्याच दिवशी सांगत, "आलेलं पुन्हा विचारायचं नाही. एका मुलाला आठवड्यातून पंचेचाळीस मिनिटं मिळतात. ती जे आलेलं नाही त्याच्यावर घालवायची."

सांगण्यात वावगं काही नव्हतं. मॅडमचा स्वतःचा मुलगा या केंद्राचा पहिला विद्यार्थी. लहानपणी त्याला घेऊन त्या जितक्या कचेऱ्यांत गेल्या, तितक्या ठिकाणी त्याला नाक दाखव, कान दाखव, हात वर कर म्हणून उभं केलं गेलं होतं. ज्या गोष्टी शिकायला त्याला चार वर्षं लागली, त्या त्याने अनोळखी माणसांसमोर शंभरदा करून दाखवल्या. रीत तिथून आली होती. आणि केंद्रातली मुलं उशिरा शिकत, तुकड्यातुकड्याने शिकत, एकेका ओळीवर वर्ष काढत. पण शिकलेलं त्यांचं राही. शिकलेलं विसरत मागे जाणारी मुलं इथल्या ताईने अठरा वर्षांत दोनच पाहिली होती. ती दोन्ही येतानाच मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी घेऊन आली होती.

मुलं ताईला हातपायताई म्हणत, कारण ती हातापायांचं बघायची. शेजारच्या खोलीत बोलताई बसे. तिच्याकडे उच्चार आणि गिळणं. पत्रकं मात्र सगळी हातपायताईच भरायची. तिचं अक्षर चांगलं होतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी अकरा वाजता मुंगी आली, ती बापाच्या खांद्यावर. मागून आई. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असे. दोन वर्षांत तो केंद्रात तिसऱ्यांदा येत होता. मुंगी हे नाव त्यानेच पाडलेलं. दीड वर्षाची असताना ती रांगत जाऊन फरशीवरचा बिस्किटाचा कण न् कण चिमटीत धरून तोंडात टाकायची, तेव्हापासून. आता ती तीन वर्षांची होत आली होती.

"ताई, खालची लिफ्ट बंद आहे," तो दारातूनच म्हणाला. "माझ्यासारख्याला दोन मजले चढायला लावलेत. कुणाला सांगायची सोय राहिली नाही."

"मग करून टाका की दुरुस्त."

"आमच्या कंपनीची नाही ती. परक्याच्या लिफ्टला हात लावला तर आहे ती नोकरी जायची."

मुंगीची आई हसली नाही. तिने पर्समधून एक पाकीट काढलं आणि निळ्या गादीच्या कडेवर ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली.

पत्र तपासणी समितीचं होतं. चार ओळींचं. केंद्राने पाठवलेल्या डिसेंबरच्या पत्रकानुसार बालिकेने मिळवलेली सर्व कौशल्ये टिकून आहेत. कौशल्ये गमावल्याचा पुरावा नसल्याने जनुकीय तपासणीची विनंती नामंजूर करण्यात येत आहे.

ताईने ते दोनदा वाचलं. डॉक्टरांनी विनंती केल्याचं तिला माहीत होतं. समितीने पत्रक मागवलं तेव्हा तिनेच ते पाठवलं होतं. ही तपासणी फक्त समितीमार्फत व्हायची. प्रयोगशाळा परस्पर कुणाचं रक्त घेत नसे.

"सगळी टिकून आहेत म्हणे," आई म्हणाली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

आईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मुंगीला गादीवर बसवलं, पाठीशी उशी लावली, आणि मग बोलला. "हिला दिवस गेलेत. अकरावा आठवडा."

ताईने अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"डॉक्टरांना वाटतंय, मुंगीत आमच्या दोघांकडून काहीतरी आलंय," तो म्हणाला. "तसं असलं तर पुढच्यात यायची शक्यता चारात एक. पण आधी हिच्यात सापडायला पाहिजे. कुठली वायर तुटलीय ते हिच्यात कळलं, तर पोटातल्यात तेवढीच एक वायर बघायची. नाहीतर अख्खी बिल्डिंग उकलत बसावं लागेल, आणि तेवढं करूनही सापडेलच असं नाही. हिचा रिपोर्ट यायला पाच आठवडे लागतात. विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टर पोटातल्याची तपासणी करणार नाहीत. आता तुम्ही हिशोब करा."

हिशोब अवघड नव्हता. रक्त घेण्यात एक आठवडा जाणार धरला, तर मंजुरी तीन आठवड्यांत यायला हवी होती.

"कळल्यावर काय करायचं ते आमचं आम्ही बघू," आई म्हणाली. "ते कुणी आम्हाला शिकवायला नको. पण कळायला तर हवं ना, ताई?"

"हवं."

"तुम्ही लिहिलंय, ती मनुका उचलते."

"हो."

"शेवटची कधी उचलली तिने?"

ताईला आठवेना. मार्चमध्ये उचलली होती, हे नक्की. त्या दिवशी सबंध वाटी संपवून मुंगीने वाटीचा तळ खरवडला होता. जूनचं पत्रक मार्चवरून उतरवलेलं. सप्टेंबरचं जूनवरून. डिसेंबरचं सप्टेंबरवरून. दर मंगळवारी ती या मुलीला आधाराने पाऊल टाकायला शिकवत होती, कारण पुढची रिकामी ओळ ती होती. पाऊल येत नव्हतं. मुंगीचे मुठी मिटलेले हात तिला दिसत नव्हते असं नाही. दिसत होते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी कारण हाताशी होतं: दात येत होते, ताप येऊन गेला होता, थंडी होती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पेला धरत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, घरी तुम्ही भरवता ना, मग लाडावलीय."

"म्हणाले होते."

"मी घरी जाऊन तीन दिवस भरवलं नाही तिला."

मुंगीचा श्वास घरघरत होता. तिला हल्ली सारखा कफ असे. ताईने कपाटातून कोरं पत्रक काढलं. हिरवी पेन्सिल घेतली. मग ती ठेवून दिली आणि साधं पेन घेतलं.

"पहिल्या ओळीपासून बघू," ती म्हणाली.

मान सावरणं होतं. आधाराशिवाय बसणं, दहा सेकंदांनंतर कलंडणं. उताण्यावरून पालथं होणं, एका बाजूने. ताई ओळ वाचे, करायला लावे, तीन संधी देई, लिही. नियम तसाच होता, फक्त अठरा वर्षांत तो तिने एवढ्या खालच्या ओळींना कधी लावला नव्हता.

हाक मारल्यावर वळून बघते का? ताईने मुंगीच्या मागे जाऊन हाक मारली. काही नाही. दुसऱ्यांदा मारली. मुंगी समोरच्या आरशाकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा मारली, आणि तिने मान वळवून ताईकडे पाहिलं, अगदी सावकाश, पण नीट पाहिलं.

"बघितलं! बघितलं बघा!" आई टाळी वाजवून म्हणाली. लगेच तिचा हात तोंडावर गेला. "हे लिहायचं का?"

"लिहावं लागेल."

"मग नामंजूर होईल?"

"एका ओळीने होत नाही."

आई भिंतीकडे तोंड करून बसली. दोन वर्षं दर मंगळवारी ती याच गादीच्या कडेवर बसून मुंगीला जमावं म्हणून श्वास रोखून बघत आली होती. ताईने तिचा तो चेहरा शेकडो वेळा पाहिला होता. आज तिला जमू नये म्हणून ती तसाच श्वास रोखून बसली होती, आणि चेहरा तोच होता.

मनुका. ताईने पांढऱ्या बशीत पाच मनुका ठेवल्या आणि बशी मुंगीच्या पुढ्यात सरकवली. मुंगीने बशीकडे पाहिलं. तिच्या मुठी छातीशी होत्या.

"चल मुंगे," बाप गुडघ्यांवर बसून म्हणाला. "दाखव ताईंना. कशी उचलतेस? चिमटी कशी करतेस?" त्याने स्वतःची चिमटी तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"अहो," आई भिंतीकडे बघतच म्हणाली, "नका शिकवू."

तो थबकला. चिमटी तशीच हवेत राहिली. मग त्याने हात मागे घेऊन खिशात घातला.

मुंगीने मनुका उचलली नाही. ठोकळा डब्यात टाकला नाही. पेला ओठांशी धरला तेव्हा तोंड उघडलं, हात वर आले नाहीत. चार शब्द होते, ते बोलताईला बोलावून विचारले; एकही निघाला नाही. बोलताई केंद्रातली सगळ्यांत गप्पिष्ट बाई, पण ती पत्रकाकडे एक नजर टाकून न बोलता आपल्या खोलीत गेली.

डिसेंबरच्या पत्रकावर एकोणचाळीस खुणा होत्या. आजच्यावर सतरा निघाल्या.

"आता हे पाठवलं की होईल ना?" आईने विचारलं.

"उद्या सांगते," ताई म्हणाली.

ताईकडे एक वही होती. कचेरीची नव्हे, तिची स्वतःची. रोज काम संपल्यावर ती दोन-दोन ओळी खरडायची. मुंगी गेल्यावर तिने ती जूनपासून चाळली. नऊ जून: आई म्हणते पेला धरत नाही. दात? अठरा ऑगस्ट: 'दे' म्हणायची ते बंद, आई म्हणते. घरी पाहुणे होते, बावरली असेल. तेरा ऑक्टोबर: मनुका ठेवली, मूठ उघडेना. ताप येऊन गेलाय. प्रत्येक नोंदीखाली तारीख होती आणि प्रत्येक नोंदीत तिनेच शोधलेलं कारण. ज्या बाईने हे लिहिलं होतं तिला सगळं दिसत होतं, आणि तीच दर तीन महिन्यांनी खुणा उतरवत होती.

मॅडमनी आजचं पत्रक बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे एकटं पाठवून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "समितीला दोन तारखा लागतात. आधी होतं आणि नंतर गेलं, मध्ये निदान तीन महिने. डिसेंबरला सगळं होतं आणि जानेवारीत गेलं म्हटलंस, तर ते म्हणतील आजारपण असेल, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा."

"माझ्याकडे वही आहे."

"वहीत काय आहे ते मला दाखवलंस ना? त्यात पत्रकं न तपासता भरल्याचा पुरावा आहे. दुसरं काही नाही."

"तेच लिहून पाठवते."

मॅडमनी उठून दार लोटलं. "हे बघ. सप्टेंबरचं पत्रक समितीकडे गेलेलंच नाही, ते आपल्या कपाटात आहे. पेन्सिलीने भरलेलं. आज जे गेलेलं दिसलं, त्यातलं निम्मं सप्टेंबरला गेलेलं दाखव, उरलेलं डिसेंबरला. सोबत चिठ्ठी जोडू, की नजरचुकीने जुनं पत्रक पाठवलं गेलं. सही मी करते. आठवड्यात मंजुरी येईल."

"सप्टेंबरला तिला काय येत होतं, मला माहीत नाही."

"मुलगी मागे जातेय हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

"तारखा खोट्या होतील."

"तारखा!" मॅडम म्हणाल्या. "अगं, त्या बाईच्या पोटातलं पोर थांबणार आहे का तुझ्या तारखांसाठी?"

ताई उभीच होती. "मॅडम, बाकीच्या बहात्तर मुलांची पत्रकंही मी अशीच उतरवलीत."

"म्हणूनच म्हणतेय."

"मीही म्हणूनच म्हणतेय."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर ताईला सोपं गेलं असतं. "तुला शुक्रवारपर्यंत वेळ आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

बोलताईने मात्र चहाच्या सुट्टीत तिला धरलं. भिंती पातळ होत्या, तिने सगळं ऐकलं होतं.

"तू शहाणपणा करायला जाऊ नकोस."

"खोटं लिहू?"

"आत्तापर्यंत काय केलंस? उतरवलेल्या खुणा खऱ्या होत्या वाटतं? तेव्हा हात कापला नाही तुझा."

"माहीत नव्हतं तेव्हा."

"माहीत होतं. वही कुणाची आहे? हे बघ, मी तुला घालून पाडून बोलत नाहीये. खरं लिहिलंस की तुझं मन हलकं होईल. तिचं काय हलकं होणार आहे? तिला कागद हवाय, ताई. तुझा कबुलीजबाब नकोय."

ताईने तीन दिवस यावर उत्तर शोधलं. मुंगीच्या आईला फोन करून विचारावं, असं तिच्या दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तिने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कारण आई काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते ऐकल्यावर नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

शुक्रवारी दुपारी तिने पत्र लिहिलं. दीड पान. मार्चनंतरची तीन पत्रकं प्रत्यक्ष तपासणी न करता मागील पत्रकांवरून उतरवली आहेत. जबाबदारी माझी आहे. वहीतील नोंदींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बालिका किमान सात महिने कौशल्ये गमावत आहे. आई गरोदर असल्याने प्रकरण तातडीचे आहे. तातडीचे या शब्दाखाली तिने रेघ ओढली. मॅडमनी ते वाचलं, सही केली नाही, पण अडवलंही नाही. "तुझ्या नावाने जाऊ दे," त्या म्हणाल्या.

आईला तिने फोनवर सांगितलं, की सगळं लिहून पाठवलंय.

"सगळं म्हणजे?"

"माझी चूक झाली तीही."

"बरं," आई म्हणाली. "थँक्यू, ताई."

दहाव्या दिवशी समितीच्या कचेरीतून फोन आला. ताईचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पलीकडचा कारकून म्हणाला, की तुमच्या केंद्राची सगळी प्रकरणं सध्या बाजूला ठेवली आहेत, चौकशीला माणसं येतील.

"येऊ देत. पण हे एक प्रकरण वेगळं काढा. बाई गरोदर आहे, वेळ नाही. मी पत्रात लिहिलंय."

"मॅडम, तुमचं पत्र माझ्यासमोरच आहे. तुम्हीच म्हणताय की या मुलीची तीन पत्रकं चुकीची आहेत."

"हो."

"मग चौथं बरोबर कशावरून?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच विचारायचं होतं. ताईने वहीबद्दल सांगितलं; तो म्हणाला, वही तुमचीच ना? ताईने मुलीला समक्ष बघा, उद्या बघा, म्हणून विनवलं. तो म्हणाला, वरिष्ठांना कळवतो. ताई दर एक दिवसाआड फोन करत राहिली. डॉक्टरांनी दोन पत्रं लिहिली. बाप कामावर दांडी मारून कचेरीत जाऊन बसला. दोन दिवस बाकावर आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात, कारण बाकावर बसायला मनाई झाली.

माणसं आली ती चौदाव्या आठवड्यात. ताईला आता दिवस असेच मोजायची सवय लागली होती. एक बाई, एक गृहस्थ. दोघं सभ्य, शिकलेली, कामाला चोख. त्यांनी त्र्याहत्तर मुलांची यादी केली आणि ती आडनावांच्या क्रमाने घेतली. मुंगीला आधी घ्या, असं ताईने सांगून पाहिलं. क्रम मोडला तर पुन्हा त्यावर प्रश्न येतील, असं बाई म्हणाल्या, आणि वर जरा हळू आवाजात, "तुमच्यासारख्यांनीच हे समजून घ्यायला हवं." मुंगीचा नंबर छप्पन्नावा होता.

तपासणीत आणखी एक मूल सापडलं. पाच वर्षांचा मुलगा, हसरा, सगळ्यांचा लाडका; त्याला जिना चढता येतो अशी खूण दोन वर्षांपूर्वीची होती आणि आता तो पहिल्या पायरीवर गुडघा हातांनी उचलून ठेवत होता. त्याच्या आजोबांना वाटत होतं, तो आळशी आहे. त्याला तिथूनच मोठ्या इस्पितळात पाठवलं. गृहस्थांनी ताईला सांगितलं, वेळेवर सापडला, औषध आहे यावर. ताईने मान हलवली.

मंजुरी आली अठराव्या आठवड्यात. मुंगीचं रक्त घेतलं एकोणिसाव्यात. रिपोर्ट आला चोविसाव्यात.

डॉक्टरांचा अंदाज खरा होता. रोगाला एक लांबलचक नाव होतं. दोघांकडून आलेला दोष, चारात एक. मुंगी यापुढे बसणं विसरेल, मग गिळणं. किती वर्षं, ते डॉक्टरांनी आकड्यात सांगितलं. बापाने तो आकडा ताईला सांगितला आणि आईपुढे काढू नका म्हणाला. पोटातल्या बाळाबद्दल आता जन्मल्यावरच कळणार होतं.

केंद्र बंद झालं नाही. पत्रकं भरण्याचं काम समितीने ताईकडून काढून घेतलं. ती आता नुसते व्यायाम घेत असे. मॅडमची सूचना दारावर चिकटवली गेली, की दर तीन महिन्यांनी पहिल्या ओळीपासून तपासावे. मॅडम ताईशी बोलत, पण कामापुरतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी बाप मुंगीला वर आणून सोडून कामावर गेला. आईला आता ओझं उचलायची मनाई होती. ती जिने हळूहळू चढून मागून आली, धापा टाकत, आणि खुर्चीवर टेकली. पाणी प्यायली. ताईने मुंगीच्या मानेखाली गुंडाळलेला टॉवेल सारला.

"मॅडम भेटल्या जिन्यात," आई म्हणाली. "माझी चौकशी करत होत्या."

"हो का?"

"हळहळल्या. म्हणाल्या, मी ताईला तेव्हाच सांगत होते, आठवड्यात काम झालं असतं. त्यांना वाटलं, मला माहितीये."

ताईचे हात टॉवेलवर थांबले.

"खरं आहे?"

"हो."

"सप्टेंबरचं पत्रक बदलायचं आणि पाठवायचं. एवढंच होतं?"

"एवढंच."

"आणि तुम्ही नाही म्हणालात."

ताईच्या मनात तो पाच वर्षांचा मुलगा आला, पायरीवर गुडघा उचलून ठेवणारा. पत्र गेलं नसतं तर तो आज आळशीच ठरला असता. हे सांगता आलं असतं. खरं होतं. पण पत्र लिहिताना तिला तो मुलगा माहीत नव्हता, आणि या बाईपुढे त्याला उभं करणं म्हणजे दुसऱ्याच्या पोराच्या आड लपणं होतं.

"मला विचारलं असतंत, तर मी काय म्हटलं असतं माहितीये?"

"माहीत होतं."

"म्हणून विचारलं नाहीत."

"हो."

आईने पाण्याची बाटली खाली ठेवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाळाने आतून हालचाल केली असावी, कारण तिने एक हात पोटावर दाबून धरला आणि थोडा वेळ ती कुठेच बघत नव्हती.

"रात्री ठसका लागतो हिला," ती शेवटी म्हणाली. आवाज कोरडा होता, कामाचा. "दूध नाकातून येतं. बोलताई म्हणाल्या, धरायची पद्धत तुम्ही दाखवाल."

"दाखवते." ताईने मुंगीला उचलण्यासाठी हात पुढे केले.

"नको," आई म्हणाली.

खुर्चीचा हात धरून ती उठली, एका गुडघ्यावर टेकली, मग दुसऱ्या, आणि गादीवर बसली. तिने मुंगीला स्वतःकडे ओढून घेतलं. पोटामुळे ती नीट मांडीत मावेना, तेव्हा तिला आडवी करून कुशीला लावलं.

"तुम्ही नुसतं सांगा. मी धरते."

ताईने हात मागे घेतले आणि थोडं दूर बसून, हात न लावता, मान किती उचलायची आणि हनुवटी कुठे ठेवायची ते सांगायला सुरुवात केली.